सीडी२५ च्या चॅनेलमध्ये सगळ्याच टी पेशी ‘किंचित पॉझिटिव्ह’. बाटली बदलू की आणखी काही?

रबाळे_बेंच (धागाकर्ती)

रबाळे एमआयडीसीतली लहान लॅब आहे. आमचं मशीन म्हणजे फ्लो सायटोमीटर, पेशींना चिकटवलेल्या रंगांची चमक लेझरखाली मोजणारं. त्याला तीन लेझर (४०५, ४८८, ६४० नॅनोमीटर) आणि आठ डिटेक्टर: निळ्या लेझरवर चार, लालवर दोन, जांभळ्यावर दोन. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेल्या रक्तावर लिम्फोसाइट सबसेट आणि रेग्युलेटरी टी पेशी (सीडी४ पॉझिटिव्ह, सीडी२५ जास्त, सीडी१२७ कमी) असं सगळं एकाच ट्यूबमध्ये बसवलंय.

पॅनेल (सीडी आकडे म्हणजे पेशींवरच्या खुणा, पुढचं नाव त्या खुणेच्या अँटीबॉडीला जोडलेल्या रंगाचं): सीडी८ फिट्सी, सीडी२५ पीई, सीडी४ पर्सीपी-साय५.५, सीडी३ पीई-साय७, सीडी१६+५६ एपीसी, सीडी१९ एपीसी-साय७, सीडी१२७ बीव्ही४२१, सीडी४५ व्ही५००.

पद्धत: १०० मायक्रोलिटर रक्त, प्रत्येक अँटीबॉडी बाटलीवर लिहिलंय तेवढी (कुठे ५, कुठे २० मायक्रोलिटर), १५ मिनिटं अंधारात, मग विकतचं लायसिंग (लाल पेशी फोडणारं) सोल्युशन २ मिलि १० मिनिटं, १५०० आरपीएमवर ५ मिनिटं, पीबीएसचा एक वॉश, शेवटी १ टक्का पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये (पेशी टिकवणारा फिक्सेटिव्ह) ५०० मायक्रोलिटर. नमुने बदलापूर-अंबरनाथ आणि पनवेल या दोन्ही बाजूंनी दुपारी तीन-चारपर्यंत आइसबॉक्समधून येतात. स्टेनिंग (अँटीबॉडी लावणं) संध्याकाळी, मशीनवर दुसऱ्या दिवशी सकाळी. कॉम्पेन्सेशन (एका रंगाची दुसऱ्याच्या डिटेक्टरमध्ये होणारी गळती वजा करणं) मागच्या तिमाहीत बीड्सवर (अँटीबॉडी पकडणाऱ्या कृत्रिम मण्यांवर) केलेलं, तेच मॅट्रिक्स (गळतीच्या आकड्यांचा तक्ता) अजून चालू आहे.

आता त्रास. पहिला, सीडी३ पॉझिटिव्ह असलेला सगळा ढग (आलेखावरचा ठिपक्यांचा पुंजका) पीईमध्ये थोडा वर सरकलाय. सीडी२५ ची पॉझिटिव्ह-निगेटिव्ह रेघ कुठे मारायची तेच कळत नाही, आणि सीडी४ पेशींपैकी १५-२० टक्के रेग्युलेटरी दिसतात. दुसरा, मोनोसाइट्स सीडी१९ पॉझिटिव्ह दिसतात. तिसरा, काही नमुन्यांत सीडी४५ विरुद्ध साइड स्कॅटरच्या (पेशीवरून बाजूला विखुरलेल्या प्रकाशाच्या) चित्रात लिम्फो, मोनो आणि ग्रॅन्युलो या पांढऱ्या पेशींचे ढग एकमेकांत मिसळतात.

डीलरचं म्हणणं सीडी२५ चा लॉट खराब, नवीन घ्या. घेण्याआधी इथे विचारावं म्हटलं.


टँडम_तपासनीस

थांबा, सीडी२५ ची बाटली घेऊ नका. ती बहुधा निर्दोष आहे. तुमच्या वर्णनातच उत्तर आहे: वर सरकलेत ते *सीडी३ पॉझिटिव्ह* पेशींचे ढग. सीडी२५ च खराब असती तर त्याला सीडी३ शी काय देणंघेणं? सीडी३ तुम्ही पीई-साय७ वर घेतलंय. पीई-साय७ म्हणजे पीईच, त्याला साय७ चिकटवलेला. ४८८ चा प्रकाश पीई पकडतो, ती ऊर्जा साय७ ला देतो आणि साय७ सुमारे ७८० नॅनोमीटरला चमकतो. हा हातातून हात सुटला की पीई स्वतःच ५७५ च्या आसपास चमकू लागतो, म्हणजे थेट तुमच्या सीडी२५ च्या डिटेक्टरमध्ये. उजेड, उष्णता, फॉर्माल्डिहाइड आणि वेळ या चारांनी टँडम (असे जोडरंग) तुटतात. तुमच्या पद्धतीत चारही हजर आहेत.

आकड्यांत बघा. समजा बीड्सवर कॉम्पेन्सेशन केलं तेव्हा सीडी३ चा मीडियन पीई-साय७ मध्ये ४०,००० आणि पीईमध्ये ८०० होता. गळती २ टक्के, मॅट्रिक्सने तेवढीच वजा करायची असं शिकून घेतलं. आता रात्रभर फिक्सेटिव्हमध्ये राहिलेल्या ट्यूबमध्ये गळती ६ टक्के झाली, म्हणजे २,४००. मशीन ८०० वजा करतं, उरतात १,६००. सीडी२५ ची मंद पॉझिटिव्ह पेशी नेमकी त्याच पट्ट्यात बसते. म्हणून तुम्हाला रेघ सापडत नाही आणि रेग्युलेटरी पेशींची टक्केवारी फुगते.

खात्री करायला चार ट्यूब पुरतात, सगळ्या एकाच रक्ताच्या आणि प्रत्येकीत *फक्त* सीडी३ पीई-साय७:
१) सध्याची बाटली, स्टेन करून लगेच मशीनवर.
२) तीच बाटली, १ टक्का पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये रात्रभर.
३) न उघडलेली किंवा नवीन लॉटची बाटली, लगेच.
४) तीच, रात्रभर.
कॉम्पेन्सेशन बंद ठेवा. सीडी३ पॉझिटिव्ह पेशी गेट करून (आलेखावर वेगळ्या निवडून) पीईचा मीडियन भागिले पीई-साय७ चा मीडियन काढा. १ आणि ३ मध्ये फरक असेल तर दोष बाटलीच्या साठवणुकीत. १ आणि २ मध्ये असेल तर फिक्सेशनमध्ये. दोन्ही असतील तर दोन्हीकडे. डिटेक्टरचा व्होल्टेज चारही ट्यूबना एकच, नाहीतर हे गुणोत्तर निरर्थक.

बाटल्या २ ते ८ अंशांत, अंधारात, फ्रिजच्या दारात नाही. फ्रीज करू नका, पीई आणि एपीसी ही प्रथिनं आहेत, गोठून वितळली की कामातून जातात. पिपेटिंग करताना रॅक ट्यूबलाइटखाली उघडा राहतो, तिथेच निम्मं नुकसान होतं. फॉइल लावलेला डबा ठेवा आणि एका वेळी एकच बाटली बाहेर काढा.

पॅनेलमध्ये सीडी३ आणि सीडी१९ यांची अदलाबदल करा, म्हणजे सीडी१९ पीई-साय७ वर आणि सीडी३ एपीसी-साय७ वर. मग पीईमधली गळती बी पेशींवर पडेल आणि रेग्युलेटरी टी शोधताना बी पेशी तशाही बाहेरच असतात. गळती थांबवता येत नसेल तर ती जिथे काही मोजायचं नाही तिथे पाडायची.


खाडीपलीकडचा

वरच्या निदानाशी पूर्ण सहमत, पण शेवटच्या अदलाबदलीशी नाही. धागाकर्तीची दुसरी तक्रार विसरलात. मोनोसाइट्स सीडी१९ पॉझिटिव्ह दिसतात ते सीडी१९ मुळे नाही, साय७ मुळे. मोनोसाइट्स सायनिन जातीचे रंग स्वतःहून पकडून ठेवतात आणि एपीसी-साय७ मध्ये ते ठळक दिसतं. रक्तात रुग्णाचं स्वतःचं आयजीजी (अँटीबॉडी) भरपूर असतं, ते एफसी रिसेप्टर (पेशीवरची, अँटीबॉडीची शेपूट पकडणारी जागा) बऱ्यापैकी भरून टाकतं, म्हणून संपूर्ण रक्तावर एफसी ब्लॉक टाकून फारसा फरक पडत नाही. रंगाच्या चिकटण्यावर त्याचा इलाज नाही.

आता सीडी३ एपीसी-साय७ वर नेलंत तर मोनोसाइट्स सीडी३ पॉझिटिव्ह दिसतील. आणि मोनोसाइट्सवर सीडी४ मंद असतोच, हे रोज या पेशी बघणाऱ्यांना सांगायला नको. सीडी३ खोटा, सीडी४ खरा पण मंद, झाली मोनोसाइट तुमच्या सीडी४ टी पेशींच्या गेटमध्ये. आगीतून फुफाट्यात.

माझी मांडणी: सीडी४५ एपीसी-एच७ वर, सीडी३ व्ही५०० वर, सीडी१९ पीई-साय७ वर. बाकी आहे तसं. मोनोसाइट्सनी सीडी४५ चा रंग जादा चिकटवून घेतला तरी त्या सीडी४५ पॉझिटिव्ह असतातच, काही बिघडत नाही. एच७ हा साय७ चाच भाऊ, पण उजेडाला आणि फिक्सेटिव्हला जास्त टिकतो. तो तुटला तर एपीसीमध्ये गळेल, पण सगळ्याच लिम्फोसाइट्सवर थोडा थोडा, म्हणजे एनके पेशींची जमीन जराशी वर येईल आणि सीडी१६+५६ चा ढग तरीही वेगळा राहील. सीडी३ मुबलक असतो, त्याला व्ही५०० सारखा मंद रंग चालतो. व्ही५०० मध्ये बीव्ही४२१ ची गळती येते खरी, पण सीडी१२७ चा सिग्नल काही प्रचंड नसतो, झेपतं.

एक फायदा आणखी. बीव्ही जातीचे दोन रंग एका ट्यूबमध्ये आले की ते पॉलिमर एकमेकांना चिकटतात, कॉम्पेन्सेशन चुकल्यासारखे तिरके ढग दिसतात आणि त्यासाठी खास स्टेन बफर घालावा लागतो. व्ही५०० हा त्या जातीचा पॉलिमर नाही. सीडी३ साठी बीव्ही५१० घेतलात मात्र तर तो बफर *आधी* ट्यूबमध्ये, मग अँटीबॉडी.


टँडम_तपासनीस

@खाडीपलीकडचा, मान्य. मोनोसाइट्सचा सीडी४ माझ्या नजरेतून सुटला. तुमची मांडणी घ्यावी.


नमुना_नोंद

तिसऱ्या तक्रारीवर कोणीच बोललं नाही. ढग मिसळतात त्याला अँटीबॉडी जबाबदार नाही, आइसबॉक्स आहे.

फ्लोसाठीचं ईडीटीए रक्त बर्फावर पाठवत नाहीत. १८ ते २५ अंशांत पाठवायचं. थंड केलेल्या आणि जुन्या रक्तात ग्रॅन्युलोसाइट्सचा साइड स्कॅटर खाली घसरतो, मोनोसाइट्स बिघडतात आणि सीडी४५-साइड स्कॅटरचा नकाशाच पुसट होतो. बर्फाच्या पॅकला ट्यूब टेकली तर लाल पेशीही फुटतात. बायोकेमिस्ट्रीचे आणि फ्लोचे नमुने एकाच डब्यात येतात, हे बहुतेक ठिकाणचं मूळ दुखणं. कलेक्शनच्या मुलाचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

उलट बाजूही आहे. एप्रिल-मे महिन्यात शीळफाट्याला अडकलेल्या बाइकच्या डिकीत नमुना सहज ३५ अंशांच्या वर जातो. म्हणून थर्मोकोलचा वेगळा डबा, त्यात जेल पॅक पण न गोठवलेले, आदल्या रात्री एसीच्या खोलीत २०-२२ अंशांना ठेवलेले, आणि आत एक स्वस्तातला तापमान लॉगर. बदलापूर-अंबरनाथहून येणाऱ्याला लोकलने ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बरने रबाळे हा मार्ग रस्त्यापेक्षा भरवशाचा, डब्याचं तापमानही कमी हलतं. फॉर्मवर रक्त काढल्याची *वेळ* हवी, फक्त तारीख नको. २४ तासांच्या आत स्टेनिंग झालं पाहिजे असं धरून मार्गाची आखणी करा.

२४ तासांपेक्षा जुना नमुना नाइलाजाने घ्यावा लागला तर सीडी४५ आणि ७-एएडी (मेलेल्या पेशींत शिरणारा रंग) अशी एक वेगळी छोटी ट्यूब लावा, फिक्स न करता. तुमच्या आठ रंगांत जागाच नाही कारण ७-एएडी पर्सीपीच्या डिटेक्टरमध्ये येतो. मेलेल्या पेशी कुठलीही अँटीबॉडी पकडतात आणि खोटे दुहेरी पॉझिटिव्ह तयार करतात. किती मेल्यात ते कळलं तर रिपोर्ट द्यायचा की नमुना परत मागवायचा ते ठरवता येतं.

आता तुमची पद्धत. बाजारातल्या बऱ्याच लायसिंग सोल्युशनमध्ये फॉर्माल्डिहाइड आधीपासून असतं, लेबल वाचा. म्हणजे टँडमला फिक्सेटिव्हची एक आंघोळ तिथेच झाली आणि वर तुम्ही १ टक्क्यात रात्रभर भिजत घालता. दोनपैकी एक करा. संध्याकाळी स्टेन, लाईस, वॉश आणि त्याच संध्याकाळी मशीनवर, हे उत्तम. शक्य नसेल तर फिक्सेटिव्हमध्ये २०-३० मिनिटं, मग धुऊन साध्या बफरमध्ये, ४ अंशांना, अंधारात. फिक्सेटिव्ह *धुऊन* टाकायचा. पॅराफॉर्माल्डिहाइड जुनं झालं की पेशींची स्वतःची चमकही वाढते, ताजं करा किंवा लहान भागांत गोठवून ठेवा.

फिक्सेटिव्ह नको असेल तर अमोनियम क्लोराइड घरीच करता येतं. दहापट सोल्युशनसाठी १ लिटर पाण्यात अमोनियम क्लोराइड ८०.२ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट ८.४ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ३.७ ग्रॅम. वापराच्या दिवशी दहापट पातळ करायचं, पीएच ७.२ ते ७.४ तपासायचा, खोलीच्या तापमानाला आणून मगच घालायचं. ट्यूब उजेडासमोर धरल्यावर गढूळपणा जाऊन लाल पण पारदर्शक दिसली की थांबा, साधारण १० मिनिटं. १५ च्या पुढे गेलात तर पांढऱ्या पेशींना इजा. थॅलेसेमियाच्या आणि नवजात बाळांच्या लाल पेशी लवकर फुटत नाहीत, तिथे वेळ ताणण्यापेक्षा एकदा धुऊन दुसऱ्यांदा लाईस करा. असं रक्त फिक्स झालेलं नसतं, तेव्हा जिवंत विषाणू गृहीत धरूनच हाताळायचं आणि मशीनच्या वेस्ट टाकीत हायपोक्लोराइट आधीच घालून ठेवायचं.

आणि ते १५०० आरपीएम. आरपीएम लिहून काही कळत नाही, रोटरची त्रिज्या लागते. जी म्हणजे ०.००००१११८ गुणिले त्रिज्या (सेंमी) गुणिले आरपीएमचा वर्ग. १६ सेंमीच्या रोटरला १५०० म्हणजे सुमारे ४०० जी, ठीक. ९ सेंमीच्या टेबलटॉपला तेच जेमतेम २२५ जी, आणि वॉशमध्ये पेशी ओतून जातात. ३०० ते ५०० जीमध्ये ठेवा आणि एसओपीमध्ये (कामाच्या लेखी पद्धतीत) जी लिहा.


रबाळे_बेंच

सगळ्यांचे आभार. चार ट्यूब लावल्या. पीई भागिले पीई-साय७:
सध्याची बाटली लगेच ३.९ टक्के, रात्रभर ७.२.
नवीन लॉट लगेच २.०, रात्रभर ४.८.
म्हणजे दोन्हीकडे दोष. लायसिंग सोल्युशनच्या लेबलवर फॉर्माल्डिहाइड आहेच.

नवी मांडणी ऑर्डर करतेय. दोन प्रश्न. बाटलीवरचं प्रमाण जसंच्या तसं घ्यायचं का टायट्रेट करायचं (योग्य प्रमाण स्वतः शोधायचं)? आठ अँटीबॉडी टायट्रेट करायला रक्त आणि वेळ दोन्ही जातं. आणि वरिष्ठ म्हणतात प्रत्येक रंगाचा आयसोटाइप कंट्रोल (पेशीवरची कुठलीच खूण न ओळखणारी तुलनेची अँटीबॉडी) घ्या, त्यावरून रेघ मारा.


टँडम_तपासनीस

टायट्रेट कराच, एकदाच करायचंय. बाटलीवरचा आकडा कंपनीने तिच्या पेशींवर, तिच्या मशीनवर काढलेला. बऱ्याचदा निम्म्यात किंवा चौथ्या भागात भागतं, पैसे वाचतात तो बोनस. खरी बाब अशी की जादा अँटीबॉडी निगेटिव्ह पेशींवर चिकटते आणि निगेटिव्हचा ढग रुंद करते.

गोल तळाच्या ९६ खणांच्या प्लेटमध्ये एका ओळीतले ८ खण. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंत प्रत्येकी ५० मायक्रोलिटर बफर (पीबीएस, १ टक्का बीएसए, २ मिलिमोलर ईडीटीए, ०.१ टक्का सोडियम अझाइड). पहिल्या खणात १०० मायक्रोलिटर, त्यात अँटीबॉडी अशी की शेवटचं प्रमाण बाटलीवरच्या दुप्पट व्हावं. मग ५० उचलून दुसऱ्यात, ढवळून ५० तिसऱ्यात, असं आठव्यापर्यंत, आठव्यातले ५० फेकून द्या. आता प्रत्येकात लाईस करून धुतलेल्या पेशींचे ५० मायक्रोलिटर, ज्यात १० लाख पेशी. एकूण १०० मायक्रोलिटर. रोजच्या ट्यूबमध्ये अँटीबॉडी ज्या वेळेत आणि ज्या तापमानाला ठेवता, तेच इथेही. पेशींची संख्या थोडी इकडेतिकडे झाली तर चालते, *आकारमान* बदललं तर प्रमाण बदलतं. म्हणून टायट्रेशन १०० मध्ये आणि रोजचं काम २०० मध्ये असं करू नका. तुमच्या ट्यूबमध्ये १०० रक्त आणि आठ अँटीबॉडी मिळून किती होतात ते मोजून प्रमाण त्या बेरजेवर काढा.

प्रत्येक खणासाठी स्टेनिंग इंडेक्स: पॉझिटिव्हचा मीडियन वजा निगेटिव्हचा मीडियन, भागिले निगेटिव्हच्या स्टँडर्ड डेव्हिएशनची दुप्पट. आलेख वर चढतो, शिखर गाठतो, मग जादा अँटीबॉडीकडे पुन्हा खाली येतो. शिखर घ्या. सीडी२५ सारख्या हळूहळू उतरत जाणाऱ्या मार्करला स्पष्ट पॉझिटिव्ह ढग नसतो, तिथे शिखरापेक्षा एक पायरी वरचं, म्हणजे सॅच्युरेशनच्या बाजूचं प्रमाण घ्या. नाहीतर ज्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी जास्त त्याच्यात सीडी२५ खोटा कमी दिसेल.

जास्त म्हणजे किती? १०० मायक्रोलिटर रक्तात मायक्रोलिटरला १०,००० पेशी असतील तर ट्यूबमध्ये १० लाख, ते तुमच्या टायट्रेशनशी जुळतं. ५०,००० चा नमुना आला तर पीबीएसने पाचपट पातळ करूनच घ्या.

अझाइडबद्दल एक इशारा. तो तांब्या-शिशाच्या पाइपांत साठून स्फोटक क्षार बनवतो, बेसिनमध्ये ओतलाच तर भरपूर पाण्याने वाहून न्या, आणि ॲसिडजवळ नेऊ नका. आणि ज्या पेशी पुढे कल्चरला जाणार असतील त्यांच्या बफरमध्ये अझाइड नको.


खाडीपलीकडचा

आयसोटाइपवर माझं मत कडक आहे: रेघ मारायला त्याचा उपयोग नाही. आयसोटाइप अँटीबॉडीला किती रंगाचे रेणू चिकटवलेत, तिचं प्रमाण किती, ती स्वतः किती चिकट, हे तुमच्या सीडी२५ च्या अँटीबॉडीशी जुळत नाही. बाकी सात रंगांमुळे पीईमध्ये जो पसारा होतो तो तर आयसोटाइपच्या एकट्या ट्यूबमध्ये दिसणारच नाही. फार तर एफसी चिकटण्याचा अंदाज येतो.

तुम्हाला एफएमओ हवा: आठपैकी सात रंग, एक वगळून. सीडी२५ वगळलेली एक ट्यूब आणि सीडी१२७ वगळलेली एक. सीडी३, सीडी४, सीडी८, सीडी१९ चे ढग आपोआप वेगळे पडतात, त्यांना एफएमओ लागत नाही. एफएमओमध्ये सीडी४ टी पेशी गेट करा, पीईचा ९९ वा पर्सेंटाइल कुठे येतो ते बघा, रेघ तिथे. रेग्युलेटरी पेशींसाठी मात्र एकाच रेघेवर विसंबू नका, सीडी२५ विरुद्ध सीडी१२७ काढा. तिरका, खाली-उजवीकडे गेलेला ढग डोळ्यांना स्वतंत्र दिसला पाहिजे. निरोगी प्रौढात तो सीडी४ पेशींच्या साधारण ५ ते १० टक्के भरतो. १५-२० आले तर आधी चॅनेलवर शंका घ्या, मग रुग्णावर. (वरिष्ठांना हे सांगताना एफएमओ आणि आयसोटाइप दोन्ही ट्यूब एकाच दिवशी लावून शेजारी शेजारी ठेवा. वाद घालण्यापेक्षा चित्र बरं.)

आणि कॉम्पेन्सेशन तिमाहीला एकदा? टँडम असताना नाही चालत. नवीन लॉट आला की कंट्रोल नवा, बाटली महिन्याहून जुनी झाली की नवा. कंट्रोल म्हणून *तीच* बाटली वापरा. ‘पीई-साय७ सगळे सारखेच’ म्हणून सीडी१९ ऐवजी दुसऱ्या कसल्या तरी पीई-साय७ वर कॉम्पेन्सेट केलं तर चुकणार, प्रत्येक लॉटची गळती वेगळी असते. बीड्सनाही नमुन्यांइतकाच वेळ, तेच लायसिंग सोल्युशन, तोच फिक्सेटिव्ह. ताज्या बीड्सवर मॅट्रिक्स आणि रात्रभर भिजलेल्या पेशींवर ते लावणं, हाच तुमचा मूळ घोटाळा होता. कंट्रोलचा पॉझिटिव्ह ढग नमुन्यातल्या सगळ्यात चमकदार पेशींइतका किंवा त्याहून चमकदार हवा आणि पॉझिटिव्ह घटना किमान ५,०००.


पेशीगणती

सीडी१९ आणि सीडी२५ वापरताय म्हणून उपचारांची माहिती फॉर्मवर मागत जा. हा अँटीबॉडीचा दोष नाही, पण फोन मात्र लॅबलाच येतो.

किडनी प्रत्यारोपणात बॅसिलिक्सिमॅब देतात, ते सीडी२५ वरच बसतं. इंटरल्युकिन-२ ची जागा ओळखणारे क्लोन (अँटीबॉडीचे प्रकार) त्यानंतर काही आठवडे झाकले जातात आणि सीडी२५ ‘नाहीच’ असं दिसतं. ७जी७/बी६ सारखा दुसऱ्या जागेवर बसणारा क्लोन लागतो. रिटुक्सिमॅब सीडी२० झाकतं, म्हणून बी पेशींसाठी तुमचा सीडी१९ बरोबर आहे. पण सीडी१९ वर बेतलेल्या सीएआर-टी (रुग्णाच्याच टी पेशी बदलून परत देण्याच्या) उपचारानंतर तोही पुरत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ या सीएआर-टी उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, आणि टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र खारघरला, म्हणजे आपल्याच पट्ट्यात. असे रुग्ण पुढे आपापल्या गावच्या लॅबमध्ये तपासणीला येणारच. त्यांच्यात सीडी१९ शून्य आलं तर ‘बी पेशी नाहीत’ इतकंच लिहून सोडू नका. उलटलेल्या ल्युकेमियाच्या पेशींनीच सीडी१९ टाकून दिलेला असू शकतो. तिथे सीडी२२, सीडी२४ असे दुसरे मार्कर लागतात आणि तो नमुना खरं तर हिमॅटोपॅथॉलॉजीकडे जायला हवा.

मायक्रोलिटरला किती सीडी४ हा आकडा कोणी मागितला तर तो या ट्यूबमधून काढू नका. वॉशमध्ये पेशी जातात, किती जातात ते कळत नाही. त्यासाठी वेगळी, न धुतलेली ट्यूब: ५० मायक्रोलिटर रक्त उलट्या पिपेटिंगने (जरा जास्त ओढून नेमकं तेवढंच सोडून), मोजलेले बीड्स, लाईस, थेट मशीनवर. सीडी४ घटना ६,०००, बीड घटना १०,०००, ट्यूबमध्ये बीड्स ५०,००० असतील तर ६,००० भागिले १०,००० गुणिले ५०,००० भागिले ५०, म्हणजे मायक्रोलिटरला ६००. पिपेटच्या टोकाला बाहेरून लागलेलं रक्त टिश्यूने पुसायचं. ट्यूबच्या भिंतीवर रक्ताचा एक ओघळ राहिला तर तो लाईस होत नाही आणि आकडा सरळ घसरतो.


रबाळे_बेंच

एफएमओ लावले. पीईची रेघ स्वच्छ दिसतेय, जुन्या बाटल्यांवरच पण त्याच संध्याकाळी मशीनवर घेतल्याने रेग्युलेटरी टी ८ टक्क्यांवर आले. तीच बाटली, तोच दाता.

एक शेवटचं. नवा माल येईपर्यंत दहाएक दिवस आहेत. तोवर सॉफ्टवेअरमध्ये पीई-साय७ ते पीईचा आकडा २ वरून हाताने ४ केला तर चालेल का?


टँडम_तपासनीस

नको. हाताने आकडा फिरवताना डोळा ढग ‘सरळ’ दिसेपर्यंत फिरवतो आणि हमखास जास्त वजा होतं. मग खरोखर सीडी२५ मंद असलेल्या पेशी निगेटिव्हमध्ये जातात, उलट्या दिशेची चूक. शिवाय तुमची गळती लगेच ३.९ आणि रात्रभर ७.२ आहे, मधल्या प्रत्येक तासाला वेगळी. कुठला आकडा घालणार?

दहा दिवस रोज संध्याकाळी सीडी३ पीई-साय७ ची एक बीड ट्यूब नमुन्यांबरोबर लावा, त्याच वेळी लाईस, त्याच वेळी मशीनवर, आणि त्या दिवसाचं मॅट्रिक्स त्या दिवसाच्या नमुन्यांना. बाकी सात रंगांचे कंट्रोल एकदा नव्याने केले की दहा दिवस पुरतील, अपवाद एपीसी-साय७. तोही टँडमच, त्याचीही रोजची एक ट्यूब. अँटीबॉडीची बाटली काढण्याआधी १०,००० जीला ५ मिनिटं फिरवून वरचाच भाग घ्या. तळाशी गुठळ्या बसलेल्या असतात, त्याच चित्रात सुट्या चमकदार ठिपक्यांसारख्या येतात.